देवाची गाय बसेल तिथं शीव

“मुडद्या, आजबी खाल्लीस व्हय रं भाकरी!”

माझ्या सासूबाई, तायाबाई, चुलीतलं लाकूड हातात घेऊनच बाहेर आल्या. आमचा मेंढरांचा कुत्रा भुंग्या तोवर गडग्यावरून उडी टाकून ओढ्याकडे पसार झाला होता. हे आता रोजचं झालं होतं. दुपारी टोपल्यातली एक भाकरी कमी भरायची आणि सासूबाई भुंग्याच्या मागे लागायच्या. लांडग्याच्या अंगावर जाणारा कुत्रा तो, पण सासूबाईंच्या हातात काहीही दिसलं तरी त्याचे पाय लटपटायचे.

“आत्या, उंदीर आसंल,” मी म्हणाले.

“आख्खी भाकरी उंदीर नेतोय? डोस्क्यावर घिऊन?” सासूबाई म्हणाल्या. “तू कुत्र्याची बाजू घिऊ नगंस. मेंढरं वळकाया शीक आदी.”

हा टोमणाही रोजचा होता. मीही धनगराचीच, पण माझ्या माहेरी खिल्लार गाई होत्या, मेंढरू एकही नव्हतं. लग्न होऊन बोरखडीला आले आणि मला कळलं की इथं प्रत्येक मेंढराला नाव आहे आणि ते मला ठाऊक असायला हवं. मला सगळी मेंढरं सारखीच दिसत. एकदा तर मी शेजाऱ्यांची दोन कोकरं आमची म्हणून आणून बांधली आणि वर त्यांच्या म्हातारीशी भांडूनही आले. तेव्हापासून वस्तीवर माझी अक्कल काढायला कुणाला वेगळं कारण लागत नसे. माहेरच्या गाईंची मात्र मला फार आठवण यायची. दुपारी घरात कुणी नसलं की रडूही यायचं.

त्या दिवशी सासूबाई अजून लाकूड परजत होत्या, तेवढ्यात सासरे आले. त्यांना गाव धुळाबा म्हणायचं आणि मी मामा. डोक्याचा पटका त्यांनी काढून खाली आपटला.

“चेअरमननं गाय नेली!”

“कंची गाय?” सासूबाईंनी विचारलं.

“कंची म्हंजी? देवाची! कवडी! आप्पा गुरवाला म्हनला, तीन दिसांनी शिवंचा दिस हाय, तवर गाईची सेवा माज्या गोठ्यात हुंद्या. आन् त्या येड्यानं दिली की!”

सासूबाईंच्या हातातलं लाकूड खाली आलं. 

हे प्रकरण काय ते सांगायला हवं. बोरखडीच्या वर डोंगराच्या उतारावर गावाचं गायरान आहे. गाईवाले म्हणत गायरान गाईचं, आम्ही म्हणत होतो मेंढरं काय वारा खातील? माझ्या आजेसासऱ्यांच्या वेळी या भांडणात डोकी फुटली होती. शेवटी कुणा एका शहाण्यानं कायदा करून दिला. मारुतीला सोडलेली गाय बेंदराच्या, म्हणजे आमच्याकडच्या पोळ्याच्या, दुसऱ्या दिवशी सकाळी देवळापुढून मोकळी सोडायची. ती जिथं आपल्या मनानं बसेल आणि रवंथ करायला लागेल तिथं दगड रोवायचा. दगडाच्या खाली दिवाळीपर्यंत गुरं चरतील आणि वर मेंढरं. दिवाळीनंतर मेंढरं तशीही बाहेरगावी निघतात. गाय देवाची असल्यामुळे गाईवाल्यांना ती आपली वाटायची, आणि देवाची असल्यामुळेच आम्हालाही. कोर्टात गेलं असतं तर दोन्ही बाजू भिकेला लागल्या असत्या. इथं फक्त गाईच्या मागं चालायचं होतं.

कायद्याची कलमं तीन. गाईला हात लावायचा नाही, हाक मारायची नाही, आणि चढावर तिच्या पुढं जायचं नाही. ही तीन कलमं आप्पा गुरव दरवर्षी अशा आवाजात म्हणायचे की जणू त्यांनीच ती लिहिली.

डोंगराच्या कमरेला कातळात खोदलेलं एक टाकं आहे. डोंगरावर चरणाऱ्या मेंढरांना दिवसभर प्यायला तेवढंच पाणी. दरवर्षी गाय टाक्याच्या बरीच खाली बसायची, त्यामुळे पाणी आमच्याकडे यायचं. ओढा आणि विहीर गाईवाल्यांकडे होतीच. गेल्या वर्षी मात्र गाय टाक्यापासून हातभर अंतरावर बसली आणि मामांच्या तोंडचं पाणी पळालं. तेव्हाच दूध डेअरीचे चेअरमन जयसिंगराव म्हणाले होते, “पुढच्या साली आजून थोडी वर बसंल. गाईला वरचं गवात गोड लागाया लागलंय.”

मामांनी त्याच दिवशी ठरवून टाकलं होतं. शीव टाक्याच्या वर गेली तर पाणी नाही, आणि पाणी नाही तर मेंढरं नाहीत. कळप व्यापाऱ्याला द्यायचा आणि पोराला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, भिवंडीला पाठवायचं. तिथं त्यांचा चुलतभाऊ गोदामात माल चढवायचा. आमच्या लग्नाला अजून वर्ष झालं नव्हतं.

संध्याकाळी मी ह्यांना विचारलं, “खरंच जानार तुमी?”

हे वाघर बांधत होते. वाघर म्हणजे मेंढरांभोवतीचं जाळीचं कुंपण. हात न थांबवता म्हणाले, “मेंढरांचा आवाज न्हाई आला तर मला झोपच येत न्हाई.”

“मेंढरांचा?” मी म्हणाले.

ह्यांनी माझ्याकडे बघितलं आणि घाईघाईनं म्हणाले, “तुजाबी हायेच की.”

मी पाय आपटत आत गेले. राग आला होता, पण रडूही आलं होतं. भिवंडीत ह्या माणसाला कोण जेवायला वाढणार, असं मनात येत होतं.

बेंदराचा दिवस उजाडला. सगळ्या गावात बैलांना आंघोळी घातल्या, शिंगं रंगवली. मामांचं मात्र बैलांकडे लक्ष नव्हतं. सकाळपासून ते कोपऱ्यात बसून विचार करत होते. दुपारी एकदम उठून मांडीवर थाप मारली.

“चेअरमन गाईला उपाशी ठिवनार. आन् डोंगराच्या डोक्यावर हिरवंगार कडवळ टाकनार. भुकेली गाय वासावर वर जानार. बरुबर?”

“बरुबर,” सासूबाई म्हणाल्या.

“मग गाईचं पॉट आदीच भरलं तर? पॉट भरलं की गाय बसती. बसती का न्हाई गं सगुने? तुज्या माह्यारी गाई हायत्या.”

मला कुणीतरी काही विचारलं याचाच मला इतका आनंद झाला की मी लगेच म्हणाले, “बसती की, मामा.”

“झालं तर. आज बेंदूर. वस्तीवर घराघरात पुरनपोळी. उद्या गाय सोडायच्या आदी समद्या बायांनी निवद घिऊन जायाचं. गाईला निवद दाखवाया कुनाचा बाप नको म्हनतोय बघू!”

त्या दिवशी सासूबाईंनी एवढं पुरण शिजवलं की गूळ संपला आणि शेजारून आणावा लागला. एक गोष्ट मात्र त्यांना फार समाधान देऊन गेली. कालची भाकरी आणि आजची भाकरी, दोन्ही दिवस टोपलं जसंच्या तसं होतं.

“बघितलंस? लाकडाचा गुन. आता जन्मात भाकरीला त्वांड लावनार न्हाई ते.”

भुंग्या लांबून बघत होता. त्याला काही कळलेलं दिसलं नाही. मी मान खाली घालून पोळ्या लाटत राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मारुतीच्या देवळापुढं सगळं गाव जमलं. एका बाजूला गाईवाले कडक इस्त्रीत आणि दुसऱ्या बाजूला आम्ही घोंगडी खांद्यावर टाकून. चेअरमन जयसिंगराव स्वतः कासरा धरून कवडीला घेऊन आले. पांढरीशुभ्र म्हातारी गाय, पण पोट खपाटीला गेलेलं. ती सारखी इकडंतिकडं मान फिरवत होती.

“सेवा लई जोरात झालेली दिसती,” मामा म्हणाले. “गाईच्या बरगड्या मोजून घ्याव्या अशा.”

“देवाची गाय हाय, धुळाबा. उपास केला तिनं,” चेअरमन म्हणाले.

“मग पारनं नको फेडाया? चला गं बायांनो!”

पदरानं झाकलेली ताटं पुढं झाली. चेअरमनच्या कपाळाला आठी पडली.

“आप्पा, ह्ये कायद्यात बसतंय का?”

आप्पा गुरव विचारात पडले. मग ताटांकडे बघून म्हणाले, “गाईला हात लावायचा न्हाई, हाक मारायची न्हाई, पुढं जायाचं न्हाई. निवदाचं कायद्यात काय न्हाई. फकस्त माजी दोन ताटं बाजूला काडा.”

कवडीनं पोळ्या खाल्ल्या त्या बघण्यासारख्या होत्या. एकेक बाई ताट पुढं करी आणि ताट चाटूनपुसून मोकळं होई. मीही माझं ताट पुढं केलं. गाईनं पोळी खाल्ली, माझ्या पदराला नाक घासलं आणि जोरात फुंकर टाकली. मी पटकन मागं सरले. मामा खुशीत मिशा पिळत होते.

कासरा सोडला. गाय चालू लागली. मागं आप्पा गुरव शेंदूर फासलेला दगड एका पोराच्या डोक्यावर देऊन, त्यांच्या मागं चेअरमन आणि मामा, आणि त्यांच्या मागं सगळं गाव. मी बायकांत अगदी शेवटी.

गायरानाच्या तोंडाशी गाय थांबली. मामा म्हणाले, “बसतीय बसतीय.” गाय पुढं निघाली. खालच्या चिंचेपाशी थांबली. मामा दबक्या आवाजात म्हणाले, “बस गं माजे आय.”

“हाक मारायची न्हाई!” चेअरमन ओरडले.

“हाक न्हाई मारली. माज्या आयची आठवन आली मला.”

“आप्पा!”

“आयची आठवन कायद्यात हाय का न्हाई, बघावं लागंल,” आप्पा म्हणाले.

तोवर गाय चिंचेपासून निघाली होती. आणि आता ती नुसती चालत नव्हती, झपाझप चालत होती. मान लांब केलेली आणि नाक वर. बायकांमध्ये कुजबुज सुरू झाली. सासूबाईंनी माझा दंड धरला.

“सगुने, ही पळतीय का गं?”

तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. एवढा गूळ खाल्ल्यावर माणूससुद्धा तांब्या शोधतं. गाईला तहान लागली होती आणि वर टाकं होतं. आमच्याच हातांनी आम्ही तिला वर हाकललं होतं. ह्या घरात पहिल्यांदा कुणी माझं मत विचारलं, आणि मी काय सांगितलं तर बसती की मामा!

गाय टाक्यावर पोहोचली आणि तिनं पाण्यात तोंड घातलं. सगळं गाव श्वास धरून उभं. मामांनी डोळे मिटून घेतले होते. पाणी पिऊन झाल्यावर कवडीनं तोंड वर केलं, कान हलवले. वरून वाऱ्यावर कडवळाचा वास आला असणार, कारण तो मलाही आला. तिनं टाक्याला वळसा घातला आणि एक पाऊल वर टाकलं. मग दुसरं.

“गेली,” मामा म्हणाले. एवढंच. इतक्या हळू आवाजात मी त्यांना कधी बोलताना ऐकलं नव्हतं.

मला बायकांच्या मागं उभं राहून हुंदका आवरेना. मी लग्नातसुद्धा एवढी रडले नसेन. चेअरमन वळले. जिंकलेल्या माणसाला दुसऱ्याचं रडणं सोसत नाही.

“आरं, कोन ती रडारड करतीय? धुळाबाची सून का? बाई, देवाचं काम चाललंय, अपशकुन करू नगं. जा बघू घरी. जा!”

मी पदर तोंडाला लावला आणि वळले. घरी जाऊन ह्यांची वळकटी बांधायची होती. कोणतं घोंगडं द्यावं, जुनं की नवं, तिथं ढेकूण असतील का, असलं काहीतरी डोक्यात घेऊन मी उतारावरून तरातरा खाली निघाले.

मागून एकदम गलका झाला.

“आली आली! सरका!”

मी वळून बघितलं. बायका दोन्ही बाजूंना फाकल्या होत्या आणि त्यांच्या मधून देवाची गाय माझ्या मागं येत होती. मी घाबरून भरभर चालू लागले. गाय भरभर चालू लागली. मी जवळजवळ पळाले. मागं गाईच्या पावलांचा धपधप आवाज, त्याच्या मागं सगळ्या गावाच्या पायताणांचा, आणि त्या सगळ्यावर चेअरमनचा आवाज, “आप्पा! बाई गाईच्या पुढं हाय! कलम मोडलं!”

आप्पा धापा टाकत म्हणाले, “बाई शेवटाला हुती. गाय फिरली म्हून शेवट पुढं आला. त्याला बाई काय करनार?”

“आरं पन ती पुढं चाललीय!”

“चढावर पुढं जायाचं न्हाई आसं हाय. हा उतार हाय. आन् चेअरमन, तिला घरी जा म्हनून तुमीच हुकूम दिला. समद्या गावानं ऐकलंय.”

मी गायरान ओलांडलं, देवळावरून गेले, डेअरीवरून गेले, चेअरमनच्या घरापुढून गेले. आमची धनगरवस्ती गावाच्या अगदी खालच्या टोकाला, ओढ्याकाठी. मी आमच्या अंगणात शिरले आणि दाराला टेकून उभी राहिले. गाय अंगणात आली. तिनं एकदा घर बघितलं, एकदा मला बघितलं, मग पुढचे गुडघे टेकले, मागचं अंग खाली सोडलं आणि डोळे अर्धे मिटून रवंथ करायला लागली.

सगळं गाव अंगणाबाहेर उभं होतं.  मामा पुढं झाले.

“आप्पा, दगड.”

“हितं?”

“गाय बसंल तिथं शीव. कायदा हाय. ह्याच्या खाली गुरं.” त्यांनी ओढ्याकडे बोट दाखवलं. मग त्यांनी हळूहळू, अगदी चवीनं, सगळ्या गावावरून हात फिरवला. “आन् ह्याच्या वर समदी मेंढरं.”

“डोकं फिरलं का तुमचं?” चेअरमन म्हणाले. “वर गाव हाय! वर माजं घर हाय!”

“आसंना. आमची मेंढरं कुनाला घरातनं काडत न्हाईत. आंगनापुरतं बघत्याल.” मामांनी ह्यांना हाक मारली, “मायाप्पा! सोड वाघर!”

माझा नवरा एरवी सांगितलेलं काम दुपारपर्यंत पुढं ढकलणारा. त्या दिवशी त्यानं एका झटक्यात वाघर खाली टाकली. मेंढरं बाहेर पडली आणि गावाच्या मोठ्या रस्त्यानं वर निघाली. एक चेअरमनच्या फाटकात शिरलं की बाकीची विचारत नाहीत. जरा वेळानं वरून चेअरमनच्या मंडळींची किंकाळी ऐकू आली.

“आवो! माजी शेवंती खाल्ली! आवो, माजी जास्वंदी!”

चेअरमनचा चेहरा पडला. मला वाटतं, त्यांना सगळ्या गायरानापेक्षा ह्या एका आवाजाची जास्त भीती होती.

“धुळाबा,” ते म्हणाले, “बोला. काय पायजे?”

“मला काय पायजे? गाईनं दिलंय की.”

“बोला म्हंतो ना!”

 मामा म्हणाले, “माज्या बापाच्या वक्ताला दगड टाक्याच्या बराच खाली हुता. त्यो तिथंच ऱ्हाऊ द्या. आज, उद्या, कायम. खालचं गवात तुमचं. पानी आमचं. आन् गाईला पुन्ना उपाशी ठिवायचं न्हाई.”

चेअरमननी मान डोलावली. पोराच्या डोक्यावरचा दगड परत डोंगराकडे निघाला. चेअरमन घराकडे पळाले. जाताजाता थांबून माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले, “ही सून शिकवून ठिवलीय तुमी. गाय शिकवलीय. कायतरी लबाडी हाय.”

“आमच्या सुनंला?” मामा म्हणाले. “तिला मेंढरं वळकू येत न्हाईत, ती गाय काय शिकवनार?”

लोक हसत हसत पांगले. अंगणात आम्हीच राहिलो. हे माझ्याकडे बघून हसत होते, आणि मी दाराला टेकूनच होते. भिवंडी नाही. वळकटी नाही. मला ओरडावंसं वाटत होतं.

तेवढ्यात कवडी उठली. सरळ माझ्याकडे आली आणि माझ्या पदराची गाठ नाकानं उचकून बघायला लागली. एकदा बघितलं. काही नाही. पुन्हा बघितलं. मग तिनं रागानं माझ्या पोटाला अशी ढुशी दिली की मी घरात पडता पडता वाचले.

सासूबाई शांतपणे हे बघत होत्या. त्यांनी गाईकडे बघितलं. माझ्या पदराकडे बघितलं. आत टोपल्याकडे बघितलं.

“सगुने,” त्या म्हणाल्या, “दोन दिस गाय चेअरमनकडं हुती.”

“व्हय, आत्या.”

“दोन दिस भाकरी गेली न्हाई.”

मी सगळं सांगून टाकलं.  रोज दुपारी घर रिकामं असलं की कवडी अंगणात येऊन उभी राहायची. माझ्या माहेरच्या गाईसारखीच तिची नजर. मी पदरात भाकरी लपवून तिला ओढ्याकाठी न्यायचे, ती खायची आणि मी तिच्या गळ्याशी बसून माहेरचं सगळं सांगायचे. तेवढाच वेळ मला त्या गावात कुणी नावं ठेवत नव्हतं.

“म्हंजी कुत्रं न्हवतं,” सासूबाई म्हणाल्या.

मला वाटलं, आता लाकूड माझ्यासाठी निघणार. सासूबाई आत गेल्या. बाहेर आल्या त्या हातात ताजी भाकरी घेऊन, वर तुपाचा गोळा. माझ्याकडे त्यांनी बघितलंही नाही. त्या गडग्याकडे गेल्या.

“भुंग्या,” त्यांनी हाक मारली. एवढ्या मऊ आवाजात मी त्यांना देवाशीही बोलताना ऐकलं नव्हतं. “ये रं बाळा. घे.”

भुंग्यानं त्यांच्या हातात काहीतरी आहे एवढंच बघितलं आणि तो शेपूट घालून पळत सुटला. सासूबाई त्याच्या मागं निघाल्या. तो ओढा ओलांडून गेला, त्याही लुगडं वर खोचून ओलांडून गेल्या. संध्याकाळ होईपर्यंत साऱ्या वस्तीनं तो तमाशा बघितला. पुढं जीव घेऊन पळणारा कुत्रा, आणि मागं भाकरी उंच धरून, “आरं चुकलं रं माजं, आरं थांब की मुडद्या,” म्हणत धावणाऱ्या माझ्या सासूबाई.

दुसऱ्या दिवसापासून त्या दोन भाकऱ्या जास्त थापायला लागल्या. कुणासाठी ते त्यांनी सांगितलं नाही. दुपार झाली की मात्र माझ्याकडे पाठ करून म्हणायच्या, “मी जरा शेजारी जाऊन येते. तू घे तुजं काय आसंल ते बोलून.”